वाचता येईल, लिहिता येणार नाही

रविवार कारंजा, नाशिक
रविवार, दि. २१ नोव्हेंबर २००४

ती. सगुणाआक्का हिच्या पायांशी,

खंडूचा नमस्कार. साष्टांग असं लिहिणार होतो, पण उजवा गुडघा सध्या आठांपैकी पाचच अंगं टेकू देतो आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू. तुझी कंबर कशी आहे? घोटीत आता पहाटेची थंडी पडायला लागली असेल. ओट्यावर पाणी मारायचं चांगुणाला सांगत जा, शेजारीण झाली म्हणून काय झालं, ती आनंदाने करते. स्वतः बादली उचलू नकोस. भातं झोडून झाली असतील आणि नव्या इंद्रायणीचा वास गल्लीभर येत असेल, असं इथे बसून उगाच वाटतं. माझी प्रकृती ठणठणीत आहे. जेवण वेळेवर, झोप पुरेशी, एकटं वगैरे मुळीच वाटत नाही.

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. 'वाट पाहिली. चार वाजता पाट उचलला.' एवढंच, खाली सही. बत्तीस वर्षं मुलांना 'थोडक्यात उत्तरे लिहा' शिकवलंस, त्या विद्येचा प्रयोग पाठच्या भावावर करशील असं वाटलं नव्हतं. मी ते कार्ड चार वेळा वाचलं. (सहाच शब्दांची दोन वाक्यं, त्यामुळे वेळ लागला नाही. लागला तो नंतर.) अठ्ठावन्न वर्षांत भाऊबीज चुकली ती एकदाच, मला गोवर निघाला होता तेव्हा, आणि तेव्हाही तू दाराबाहेरून ओवाळलं होतंस असं आई सांगायची. तेव्हा या वेळी का आलो नाही हे मला नीट सांगितलं पाहिजे. पण ते सांगायचं तर जूनपासून सुरुवात करावी लागेल, आणि तुला कॉम्प्युटरचा तिटकारा आहे. तरी चष्मा लाव आणि वाच.

तुला माहीत आहे, पाटबंधारे खात्यातून सुटल्यापासून मी घरी बसून होतो. मंदा गेली त्याला सहा वर्षं झाली. महेश बंगळूरला. दर रविवारी साडेदहाला त्याचा फोन येतो, सात मिनिटं बोलतो, त्यातली दोन मिनिटं सूनबाई 'बाबा, जेवलात का' विचारते. सकाळी साडेदहाला मी काय जेवणार? पण 'हो' म्हणतो. घराबाहेर पडताना मी टीव्ही चालू ठेवून जातो. परत आल्यावर कुलूप काढताना आतून कोणीतरी बोलत असलं की बरं असतं, मग ते खताच्या जाहिरातीबद्दल का बोलत असेना. (विजेचं बिल वाढतं असं म्हणू नकोस, मला माहीत आहे.) तर अशात कॉलेज रोडला एका क्लासमध्ये लिनक्स नावाची कॉम्प्युटरची विद्या शिकवतात अशी पाटी पाहिली आणि नाव घातलं. वर्गात मी आणि एकोणीस पोरं. सहा महिन्यांत त्यांनी मला 'काका' म्हणायला सुरुवात केली आणि मी परीक्षेत तिसरा आलो. हे तुला तेव्हा कळवलं होतं. तू उत्तरात 'तिसरा'चा ति दीर्घ काढला म्हणून लाल शाईने दुरुस्त करून पाठवला होतास.

आपल्या वधू-वर सूचक मंडळाचे अध्यक्ष रावजीआप्पा यांच्या कानावर हे गेलं. आप्पांना कोणीतरी सांगितलं होतं की पुण्याच्या मंडळाची वेबसाइट आहे, तिथे मुलामुलींची टिपणं फोटोसकट घरबसल्या दिसतात. झालं. जूनमध्ये पुण्याच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर आम्ही जागा घेतली. सर्व्हर म्हणजे एक मोठं यंत्र, ते पुण्यात कुठेतरी थंड खोलीत दिवसरात्र चालू असतं. मी इथे मंडळाच्या कचेरीत, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत, टेलिफोनच्या तारेतून त्याला हाक मारतो आणि ते मला नाव आणि पासवर्ड विचारतं. मंदानंतर मला रोज नावाने विचारणारं तेच पहिलं.

आता या सर्व्हरवर प्रत्येकाचं खातं काढावं लागतं. (बँकेतलं नव्हे. यात काही शिल्लक राहत नाही.) आणि प्रत्येक फाइलीला तीन गोष्टी ठरवून द्याव्या लागतात: मालकाला काय करता येईल, मालकाच्या गटाला काय करता येईल, आणि उरलेल्या जगाला काय करता येईल. वाचण्याचे चार गुण, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. सगळं करू द्यायचं तर सात, नुसतं वाचू द्यायचं तर चार, तोंडही बघू द्यायचं नसेल तर शून्य. तू हे पाचवीच्या पोरांना दोन तासांत शिकवलं असतंस. मला ते सहा जणांच्या कार्यकारिणीला शिकवायचं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी लग्नाचं उरलेलं होतं.

सभा पावणेतीन तास चालली. आप्पा म्हणाले, "खंडेराव, मी अध्यक्ष हाय का नाय? मंग मालक मीच. मला समदं दिसलं पाह्यजे, आन माझं कोनाला दिसायला नको." (त्यांच्या धाकट्याची सोयरीक दोनदा मोडली आहे, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक असून त्यांना वाटतं गुप्त आहे.) खजिनदारांना फोटो दिसायला हवे होते पण पगार नको. वणी शाखेचे हिरामण म्हणाले, आम्हाला लिहायला दिलं नाही तर आम्ही वेगळं मंडळ काढू. शेवटी मी म्हटलं, तुम्ही मला सोपवा, मी न्यायाने करतो. सगळे चहा पिऊन गेले. माझ्या हातात सगळ्यांचे आकडे आले, आणि पाटबंधाऱ्यात चौतीस वर्षं कोणी मला एका दाराची चावी दिली नव्हती हे आठवून मी जरा ताठ बसलो. तिथेच चुकलं.

कारण त्या सभेत एक जण काहीच बोललं नव्हतं. वत्सलाबाई. मंडळ निघालं तेव्हापासून, एकोणीस वर्षं, सगळी टिपणं त्याच लिहितात. चौदा रजिस्टरं, लाल बांधणीची. अक्षर असं की तू पाहिलंस तर फळ्यावर लिहायला बोलावशील. तेहतिसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, पंचवटीत दोन खोल्यांत राहतात. कुठल्या मुलीच्या मामाने कुठल्या मुलाच्या काकाशी कधी भांडण केलं हे त्यांना पाठ. रजिस्टरात लिहिलेलं असतं त्याच्या दुप्पट त्यांच्या डोक्यात असतं, आणि ते त्या कोणाला सांगत नाहीत, म्हणून लग्नं जमतात. मी त्यांचंही खातं काढलं. आणि त्यांना दिला चार. नुसता वाचण्याचा. मला वाटलं, बाईंना यंत्राची सवय नाही, चुकून काही पुसलं जाईल. कोणी मला असं करायला सांगितलं नव्हतं, आक्का. हा आकडा माझा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या पहिल्यांदा यंत्रापुढे बसल्या. इगतपुरीच्या रोशनी नावाच्या मुलीचं टिपण त्यांनी उघडलं. वडील रेल्वेत होते, ते जूनमध्ये वारले. बाईंना वडिलांच्या नावाआधी फक्त 'कै.' लावायचं होतं. एका बोटाने त्यांनी ते शोधून शोधून लिहिलं आणि कळ दाबली. यंत्राने इंग्रजीत सांगितलं, परमिशन डिनाइड. त्यांनी मला अर्थ विचारला.

मी म्हटलं, "तुम्हाला वाचता येईल. लिहिता येणार नाही."

"एकोणीस वर्षं मी लिहितेय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "समितीचा निर्णय आहे."

त्यांनी रोशनीच्या वडिलांच्या नावाकडे जरा वेळ पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं, पिशवी घेतली, टेबलावरची आपली भिंगाची डबी पिशवीत टाकली आणि जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी 'कै.' लावून टाकलं, मला हक्क होता.

त्यानंतर कचेरीत मी एकटा. अकरा ते पाच. खालच्या दुकानात खिळे वजन करण्याचा आवाज यायचा, तेवढीच सोबत. सर्व्हरला एक आज्ञा देता येते, 'आत्ता आत कोण कोण आहे?' म्हणून. मी दिवसातून पाच-सहा वेळा विचारायचो. उत्तरात एकच नाव यायचं, माझं. कधीकधी टेलिफोनची तार मध्येच तुटायची, मी पुन्हा आत शिरायचो, आणि यंत्राला आधीचा मी गेलोय हे कळलेलं नसायचं. मग यादीत दोन खंडेराव दिसायचे. ती चूक काढून टाकायची असते, क्लासमध्ये शिकवलं होतं. मी नाही काढायचो. संध्याकाळपर्यंत राहू द्यायचो दोघांना.

तिकडे फोन मात्र वाढले. हे दिसत नाही, ते बदलत नाही, याला का आणि मला का नाही. शेवटी सप्टेंबरात, गणपती उठले त्या आठवड्यात, एका दिवशी एकवीस फोन आल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्या फाइलींना सरसकट सात सात सात देऊन टाकले. मालकाला सगळं, गटाला सगळं, जगालाही सगळं. रामराज्य. फोन एकदम बंद झाले. चार दिवस इतकी शांतता होती की मला वाटलं टेलिफोनच बिघडला.

पाचव्या दिवशी सहज यादी पाहिली तर नाशिक जिल्ह्यातले सगळे उपवर मुलगे दोन-दोन इंच वाढले होते. पाच फूट चारचा एकही राहिला नव्हता. मुली दोन-तीन वर्षांनी लहान झाल्या होत्या; एक तर इतकी लहान झाली की तिची पदवी तिच्या नवव्या वर्षी मिळाल्याचं दिसत होतं. कोरडवाहू जमिनी बागायती झाल्या. खजिनदारांच्या पुतण्याचं 'दुकानात नोकरी' होतं ते 'स्वतःचे दुकान' झालं. आणि आप्पांच्या धाकट्याच्या टिपणाखाली कोणीतरी, नाव न घालता, 'दोनदा मोडले, विचारपूस करावी' असं लिहून ठेवलं होतं. आप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. (आप्पा बोलले नाहीत तर तब्येतीला बरं असतं, पण मला तेही जड गेलं. काय दिवस आले बघ.) मी एकेक दुरुस्त करायला घेतलं तर लक्षात आलं, खरं काय होतं ते मला माहीतच नाही. ते फक्त एका बाईला माहीत होतं.

आणि मग ऑक्टोबरच्या आठ तारखेला वणीहून हिरामणचा फोन. आवाजात फार समाधान. "भाऊ, लय कचरा झाला व्हता त्या पेटीत. मी समदा झाडून काढला. आता आपल्या वनीचे सत्तावीस हायेत, कसं मोकळं मोकळं दिसतं." मी यंत्र उघडलं. चारशे बारा टिपणं होती, ती गेली होती. सत्तावीस उरली होती, त्यातली दोन एकाच मुलाची. मी प्रत काढून ठेवली होती, आक्का, एवढा मी मूर्ख नाही. 'जपून' या नावाचं कपाट करून त्यात ठेवली होती. पण ते कपाट मी त्याच पेटीत ठेवलं होतं आणि त्यालाही सात सात सात. हिरामणने आधी तेच झाडलं. पुण्याला फोन केला तर कंपनीतल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की प्रत ठेवायची सोय असते, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो अर्ज मी केलेला नव्हता.

मी कचेरीतल्या खऱ्या कपाटाकडे धावलो, रजिस्टरं काढायला. कपाट रिकामं. आप्पांनी गणपतीआधीच, आता कॉम्प्युटर आहे तर कागद कशाला म्हणून, शिपायाला सांगून रद्दीवाल्याकडे पाठवली होती. तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू. सहा आठवडे हाताशी आणि मंडळाकडे सत्तावीस जण, तेही सगळे वणीचे. चारशे घरांनी आपापल्या पोरींची माहिती विश्वासाने आमच्या हाती दिलेली आणि आम्ही ती हरवलेली. मी त्या खुर्चीवर बसलो आणि, तुला सांगायला हरकत नाही, मला रडू आलं. रडताना यंत्राने विचारलं, बराच वेळ काही लिहिलं नाहीत, तार तोडू का?

वत्सलाबाईंचा पत्ता माझ्याकडे होता. जायचं धाडस नव्हतं. दोन दिवस होळकर पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. तिसऱ्या दिवशी पूल ओलांडला. त्यांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत पाणी आणायला गेल्या. मी बसलो तो दिवाण जरा उंच वाटला. चादर सरकली तर खाली लाल बांधणी. आक्का, चौदाच्या चौदा रजिस्टरं तिथे जुन्या लुगड्यात बांधून ठेवली होती. रद्दीवाल्याने ती आपल्या दारात रचलेली त्यांनी येता-जाता पाहिली, त्याच्याकडून सोडवली, आणि रिक्षाने दोन खेपा करून घरी आणली. कोणाला सांगितलं नाही. मला विचारायला कोणी आलंच नाही, असं म्हणाल्या.

मी सगळं कबूल केलं. चार कोणी दिला तेही. समितीचं नाव खोटं घेतलं तेही. त्या ऐकत होत्या, मध्येच उठून गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "येते मी. पण मी वाचायला येणार नाही. लिहायला येईन. आणि माझ्या नावावर."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या फाइलींचे मालक बदलले. मालक वत्सला. सगळे हक्क मालकाला, बाकी अख्ख्या कार्यकारिणीला नुसता चार. (आप्पांना अजून कळलेलं नाही. ते रोज उघडतात, सगळं दिसतं, समाधानाने बंद करतात. लिहायचं त्यांच्या मनात कधी नव्हतंच.) मी रजिस्टर वाचून दाखवायचो, त्या टंकायच्या. आधी एका बोटाने, दसऱ्यापर्यंत चार बोटांनी. मध्येच थांबून म्हणायच्या, हिचं लग्न झालं, काढा. हा गेला बिचारा. ही अजून आहे. फार गुणी, पण चालताना पाय ओढते, तर पुढे होऊन कोणी विचारत नाही. रजिस्टर तीनमधली, पंधरा वर्षांपूर्वीची सात नावं अजून तशीच निघाली. ती वाचताना आम्ही दोघंही जरा हळू वाचायचो. दुपारी एकाला डबे उघडायचे. माझ्या डब्यात तीच भाजी दोन दिवस आलेली त्यांनी ओळखली. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात एक कप्पा जास्त होता. आणि मी 'आत्ता आत कोण आहे' विचारलं की दोन नावं यायची. दोन वेगळी.

आता भाऊबीज. पाडव्याला त्या म्हणाल्या होत्या की मी उद्याही येणार. वणीचा एकुलता भाऊ मार्चमध्ये गेला, घरी बसून काय करू. मी म्हटलं, मला घोटीला जायचं आहे. त्या म्हणाल्या, जा की, बहीण वाट बघत असेल. सोमवारी सकाळी मी महामार्ग स्टँडवरून सातची गाडी धरली, तिकीट काढलं, खिडकीची जागा मिळाली. देवाशपथ गाडीत बसलो होतो, आक्का. विल्होळी आलं आणि मी उतरलो. कंडक्टर म्हणाला, बाबा, घोटीचं तिकीट आहे तुमचं. मी म्हटलं, सर्व्हरचं काम निघालं. तो म्हणाला, हॉटेलात आहात का?

कचेरीत पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. त्या यंत्रापुढे बसल्या होत्या, एकट्याच वाचत होत्या आणि एकट्याच लिहीत होत्या. मला पाहून रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. एकाला डबे उघडले. बासुंदी होती. मग त्यांनी सरस्वतीच्या तसबिरीपुढचं निरांजन पेटवलं, ताटलीत कुंकू, अक्षता, सुपारी घेतली आणि म्हणाल्या, "या वर्षी ओवाळायला कोणी नाही. तुम्ही आलात. बसा खुर्चीवर नीट, टोपी घाला."

मी उभा राहिलो आणि म्हटलं, "नको."

आक्का, मला दुसरं काही सुचलं नाही. ज्या बाईचा भाऊ गेला, तिने सणाच्या दिवशी ताट हातात घेतलेलं, आणि मी नको म्हणालो. का नको ते सांगता येईना. सर्व्हर बोलावतोय असं काहीतरी पुटपुटलो आणि यंत्रापुढे जाऊन बसलो. टेलिफोनची तार त्या वेळी जोडलेलीही नव्हती. त्या ताट धरून उभ्या. ज्योत हलत होती. मग पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मग यालाच ओवाळते. तीन महिने मला आत येऊ देत नव्हता, आता देतो." आणि खरोखर कॉम्प्युटरच्या काचेला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, ओवाळलं. (तेव्हा नात्याने ते यंत्र आता माझं कोण लागेल... पण ते राहू दे.) कळफलकात दोन अक्षता अडकल्या, तेव्हापासून 'ळ' उमटत नाही. त्या हसल्या. मी पण हसलो. पण बासुंदीची वाटी उचलताना त्यांनी पदराने डोळे पुसले, ते मी यंत्राच्या काचेत पाहिलं.

म्हणून आलो नाही. तू पाट मांडून बसली होतीस हे मला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं.

काल काम संपलं. चारशे बारा. शेवटचं टिपण घातलं, त्यांनी हात झटकले आणि विचारलं, "सोमवारपासून?" मी म्हटलं, "आता काही नाही. यंत्र आपोआप चालतं." त्या म्हणाल्या, "बरं." पाच वाजले होते. मी म्हटलं निघतो. त्या म्हणाल्या, मी आवरून बंद करते. जिन्यात मी दोनदा थांबलो, पण वर गेलो नाही. आज रविवार आहे, तरी कचेरीत येऊन बसलो आहे. खालचं दुकान बंद, त्यामुळे खिळ्यांचाही आवाज नाही. महेशचा फोन घरी वाजून गेला असेल. पत्र लांबलं, पण तुला सगळं कळावं म्हणून लिहिलं. बाकी इकडे सर्व व्यवस्थित आहे, एकटं वाटायला इथे वेळ कोणाला आहे. चांगुणाला माझा नमस्कार सांग. रागावली असलीस तरी कार्डावर निदान सात शब्द लिही.

तुझा
खंडू

ता. क. १ : वर दोन ठिकाणी 'एकटं वाटत नाही' अशा अर्थाचं काही आलं आहे. ते शुद्धलेखनाच्या चुकांत धर आणि खोड.

ता. क. २ : टिपणं चारशे बारा नाहीत, चारशे तेरा आहेत. एक मी गुरुवारी घातलं, त्या डबा धुवायला गेल्या होत्या तेव्हा. प्रशासक म्हणून एक चोरवाट मी स्वतःकडे ठेवली आहे. पुरुष, वय अठ्ठावन्न, निवृत्त, मुलगा नोकरीला, स्वतःचं दोन खोल्यांचं घर. आमच्या अर्जात वयाचा रकाना पंचेचाळीसला संपत होता, तो पंचाहत्तरपर्यंत वाढवावा लागला. आणि त्या फाइलीचा मालक म्हणून मी माझं नाव घातलं नाही, त्यांचं घातलं. त्यांना ते वाचता येतं, बदलता येतं, पुसून टाकता येतं. 'पालकांची संमती' असा एक रकाना मंडळाच्या नियमाने असतो. आई नाही, आबा नाहीत. तिथे तुझं नाव लिहिलं आहे, तुला न विचारता. येत्या शनिवारी तू नाशिकला येशील का? काही निमित्त काढ, डोळे तपासायचे म्हण. मुलगी पाहायची आहे. मुलगी बावन्न वर्षांची आहे. मला तिच्याशी बोलायचा धीर नाही आणि मंदाच्या वेळीही बोलणी तूच केली होतीस. महेशला अजून सांगितलेलं नाही. तू काय म्हणतेस ते आधी. तू नको म्हणालीस तर त्यांच्या दृष्टीस पडायच्या आत मी ते काढून टाकीन आणि तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

ता. क. ३ : एक तासाने. पाकीट बंद करायच्या आधी म्हटलं एकदा बघून घ्यावं, म्हणून तार जोडली. फाइलीला शेवटचा हात कधी लागला हे सर्व्हर लिहून ठेवतो. चारशे तेरा क्रमांकाला शेवटचा हात काल संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी लागला आहे, खातं वत्सला. मी जिना उतरल्यावर चाळीस मिनिटांनी. उघडायला किती वेळ लागला ते विचारू नकोस. मी 'विधूर' असा धू दीर्घ लिहिला होता. तो ऱ्हस्व केला आहे. बाकी एका अक्षराला हात लावलेला नाही, आणि पुसलेलं नाही. आक्का, शनिवारपर्यंत थांबू नकोस. हे पत्र मिळेल त्याच्या पुढच्या गाडीने ये.